खोऱ्यातून शहर पाहणारा माणूस : पॅट्रिक गेडिस

एडिंबरोच्या किल्ल्याकडे चढत जाणाऱ्या रॉयल माइलच्या वरच्या टोकाला, कॅसलहिल या रस्त्यावर, घुमटाचा एक उंच मनोरा उभा आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन ब्रिटनमधील अनेक मराठी कुटुंबे तेथे जाऊन आलेली असतात. वरच्या अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगे यांच्या साहाय्याने शहराचे हलते चित्र एका पांढऱ्या गोल टेबलावर उमटते. माणसे, गाड्या, धुराडी आणि दूरचे डोंगर हे सारे एकाच वेळी समोर येते. मुले टाळ्या पिटतात, मोठी माणसे छायाचित्रे काढतात आणि मंडळी खाली उतरतात.

हा मनोरा १८९२ मध्ये ज्यांच्या हाती आला, त्या पॅट्रिक गेडिस यांना येथे करमणुकीहून वेगळे काही अभिप्रेत होते. माणसाने आपल्या शहराकडे आधी उंचावरून पाहावे, त्याच्याभोवतीचे खोरे ओळखावे आणि मगच खाली उतरून गल्लीबोळांत शिरावे, अशी त्यांची शिकवण होती. पुढे याच गृहस्थांनी इंदूरच्या होळकर दरबारासाठी नगररचनेचा अहवाल लिहिला आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया घातला. शहरांचा विकास आणि खेड्यांचा विकास हे दोन वेगळे प्रश्न मानण्याची सवय आज आपल्या हाडीमाशी खिळली आहे. ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, असे आयुष्यभर सांगत राहिलेल्या या माणसाचे चरित्र म्हणूनच आजही वाचण्याजोगे आहे.

बागेतले बालपण

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायरच्या बॅलेटर या गावी झाला. त्यांचे वडील लष्करात होते. मूल लहान असतानाच कुटुंब पर्थ शहराबाहेरच्या टेकडीवरील एका छोट्या घरात राहावयास गेले. खाली टे नदीचे खोरे, समोर शहर, मागे डोंगर आणि घराभोवती बाग असे ते ठिकाण होते. वडिलांबरोबर वाफे करताना आणि टेकडीवर भटकताना या मुलाला जे दिसले, तेच पुढे त्यांच्या सगळ्या विचाराचे मूळ ठरले. शहर आणि रान यांच्यामध्ये कुंपण नाही, नदीच्या धाग्याने ती दोन्ही बांधलेली आहेत, हे त्यांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिले होते.

शाळेनंतर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी गेले आणि आठवडाभरातच ते सोडून दिले. त्यानंतर लंडनला जाऊन ते थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. रीतसर पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. १८७९ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले असता तेथे त्यांचे डोळे बिघडले आणि बरेच आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास काम करण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. अंधारात खिडकीच्या तावदानांवर बोटे फिरवताना त्यांना विचारांची मांडणी चौकटींत करण्याची कल्पना सुचली. पुढे कागदाच्या घड्या घालून चौकटी पाडायच्या आणि त्यांत विचार मांडायचे, ही सवय त्यांनी जन्मभर जपली.

पेशींकडून त्यांची दृष्टी माणसांकडे वळली. फ्रान्समध्ये असताना समाजशास्त्रज्ञ फ्रेदेरिक ल प्ले यांच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला होता. स्थळ, काम आणि लोक या तिन्हींचा एकत्र अभ्यास केल्याविना कोणताही समाज समजत नाही, हे सूत्र त्यांनी तेथून घेतले. एखादी वनस्पती जशी माती, पाणी आणि ऊन यांच्यापासून तोडून समजून घेता येत नाही, तसेच शहरही त्याच्या परिसरापासून तोडून समजत नाही, असे त्यांचे मत बनले.

जेम्स कोर्टमधील संसार

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लिव्हरपूलच्या व्यापारी कुटुंबातील ॲना संगीतात निपुण होत्या. नवविवाहित जोडप्याने सुखवस्तू वस्तीत घर करावे, ही त्या काळची रीत. या दोघांनी मात्र एडिंबरोच्या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या दाटीवाटीच्या, कळकट चाळवजा इमारतीत बिऱ्हाड थाटले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एडिंबरोचे श्रीमंत लोक दरीपलीकडच्या रेखीव नव्या शहरात राहावयास गेले होते. जुन्या शहरातील उंच इमारतींत कामकरी आणि निर्धन माणसे कोंबली गेली. ग्रामीण स्कॉटलंडमधून आणि आयर्लंडमधून पोटासाठी आलेल्यांचा भरणा तेथे मोठा होता. शहर त्यांना काम देत होते, पण हवा, उजेड आणि पाणी देत नव्हते. नगरपालिकेचा उपाय सरळ होता. जुन्या वस्त्या पाडाव्यात आणि रुंद रस्ते काढावेत, असे तिला वाटे. पाडलेल्या घरांतील माणसे मात्र नाहीशी होत नाहीत, ती शेजारच्या गल्लीत जाऊन तेथली गर्दी वाढवतात, ही गोष्ट नकाशावर दिसत नव्हती.

गेडिस दांपत्याने कुंच्यांनी आणि चुन्याच्या बादल्यांनी काम सुरू केले. आधी स्वतःचे घर, मग जिना, मग अंगण. शेजारी हळूहळू सामील झाले. खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आल्या, मोकळ्या पडीक जागांत लहान बागा आल्या. जी इमारत अगदीच टाकाऊ असेल तीच पाडायची, तिच्या जागी उजेड येऊ द्यायचा आणि उरलेले सारे दुरुस्त करून राखायचे, ही पद्धत येथेच घडली. कुशल वैद्य हातपाय न तोडता रोगी वाचवतो, तशी ही राखून केलेली शस्त्रक्रिया होती. १८८७ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्याचा कारभार विद्यार्थीच पाहत. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेली रॅमसे गार्डन ही लाल-पांढऱ्या दर्शनी भागांची देखणी वसाहतही त्यांच्याच प्रयत्नांतून उभी राहिली.

या कामात पैसा सतत अपुरा पडे. देणी वाढली, तेव्हा १८९६ मध्ये मित्रांनी एक कंपनी काढून मिळकतींचा भार स्वतःकडे घेतला. डंडी येथील महाविद्यालयात १८८८ पासून त्यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचे अध्यापकपद होते. तेथे केवळ उन्हाळी सत्रात शिकवावे लागे, म्हणून उरलेले वर्ष त्यांना नगरांसाठी देता येई. संसाराचा तोल सांभाळण्याचे काम बहुतेक ॲना यांच्याकडेच राहिले.

खोऱ्याचा छेद

गेडिस यांच्या विचाराचे सार एका साध्या चित्रात सापडते. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा उभा छेद घ्यायचा. वर खाणकामगार, त्याखाली लाकूडतोड्या आणि शिकारी, मग मेंढपाळ, मग डोंगरउतारावरचा गरीब शेतकरी, मग सपाटीवरचा सधन शेतकरी आणि बागाईतदार, शेवटी किनाऱ्यावरचा मासेमार. खाली वसलेले शहर या सर्वांच्या श्रमांची बेरीज असते. वरचे जंगल तुटले तर खालच्या शहरात पूर येतो. खालच्या बाजारात भाव पडला तर वरचे घर ओस पडते. सह्याद्रीच्या माथ्यापासून कोकणकिनाऱ्यापर्यंत अवघ्या काही तासांत उतरून आलेल्या कोणाही मराठी माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

त्याच काळात इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड हेही शहर आणि खेडे यांच्या मिलाफाचा विचार करीत होते. त्यांच्या कल्पनेतून १९०३ मध्ये लेचवर्थ आणि १९२० मध्ये वेल्विन ही उद्याननगरे वसू लागली. हॉवर्ड यांचा भर नवे नगर वसवण्यावर होता, तर गेडिस यांना आहे त्या शहराची आणि आहे त्या माणसांची काळजी होती. १९१५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी वाढत जाऊन एकमेकांत मिसळणाऱ्या शहरांसाठी कोनर्बेशन हा शब्द घडवला. मुंबई, ठाणे, कल्याण किंवा पुणे, पिंपरी, चिंचवड यांच्या सीमा आज शोधाव्या लागतात, तेव्हा त्या शब्दाची आठवण होते.

त्यांची दुसरी शिकवण पद्धतीची होती. आराखड्यापूर्वी पाहणी झाली पाहिजे. ती करणाऱ्याने कचेरीत न बसता पायी फिरले पाहिजे आणि रहिवाशांनीही तीत भाग घेतला पाहिजे. ही शिकवण सत्ताधाऱ्यांना फारशी रुचली नाही. अँड्र्यू कार्नेगी यांच्या जन्मगावी, डनफर्मलिन येथे, उद्यानासाठी त्यांनी १९०४ मध्ये विस्तृत अहवाल दिला. उद्यानाबरोबर त्यांनी संपूर्ण गावाचाच विचार मांडला होता. विश्वस्तांनी तो स्वीकारला नाही. त्यांच्या कारकिर्दीत असे पुन्हा पुन्हा घडले.

भारतातील दहा वर्षे

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये गेडिस भारतात आले. नगररचनेचे मोठे प्रदर्शन त्यांनी वर्षानुवर्षे खपून जमवले होते. ते वाहून आणणारे क्लॅन ग्रँट हे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. मायदेशीच्या मित्रांनी घाईने नवे साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ च्या प्रारंभी मद्रासला प्रदर्शन भरले.

त्यानंतर त्यांनी मद्रास आणि मुंबई इलाक्यांतील नगरे, बडोदा, लखनौ, ढाका, लाहोर आणि इतर अनेक शहरे पायाखाली घातली. बहुतेक ठिकाणी त्यांना तेच दृश्य दिसले. दाट वस्तीतून सरळ रेषेत रुंद रस्ता काढायचा, तलाव बुजवायचे आणि विलायती पद्धतीची महागडी भुयारी गटारे आणायची, हा अभियंत्यांचा ठरलेला उपाय होता. गेडिस यांनी तंजावरसारख्या ठिकाणी त्याच प्रश्नाला कितीतरी कमी खर्चाचा पर्याय दिला. पडकी घरे काढून छोटे चौक मोकळे करावेत, झाडे लावावीत, तलाव राखावेत आणि डासांसाठी त्यांत मासे सोडावेत, असे ते सुचवीत. मैला नदीत सोडण्याऐवजी खत म्हणून शेतमळ्यांना द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. शहराने खेड्यातून जे घेतले ते मातीला परत करावे, हा त्यामागचा विचार होता. दारातल्या तुळशीवृंदावनात त्यांना घराच्या स्वच्छतेची आणि संस्कृतीची खूण दिसली. साम्राज्याच्या नोकरशाहीला हे सारे विचित्र वाटले.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातले सर्वांत कठीण ठरले. थोरला मुलगा ॲलास्डेर वडिलांबरोबर प्रदर्शन घेऊन भारतात आला होता आणि नंतर युद्धात निरीक्षण-फुग्यांच्या दलात दाखल झाला होता. एप्रिलमध्ये तो फ्रान्समध्ये मारला गेला. त्या वेळी ॲना भारतात विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. पतीने ती बातमी त्यांच्यापासून लपवली आणि मुलाची जुनी पत्रेच वाचून दाखवली. जूनमध्ये ॲना गेल्या. मुलगा गेल्याचे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. जेम्स कोर्टच्या जिन्यापासून प्रत्येक कामात सोबत असलेली व्यक्ती नाहीशी झाली आणि गेडिस यांनी स्वतःला कामात अधिकच गाडून घेतले.

इंदूरची दिवाळी

त्याच सुमारास होळकर दरबाराने त्यांना इंदूरला बोलावले. शहरात प्लेग आणि हिवताप होता. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांत फिरणारा हा दाढीवाला म्हातारा साहेब दिसला की लोक बाजूला सरत. हाच प्लेग आणतो, अशी समजूत पसरल्याचे त्यांना कोणीतरी सांगितले. सरकारी माणूस नकाशा घेऊन आला की घर पाडले जाते, हा लोकांचा अनुभव होता. त्यामुळे ती भीती निराधार नव्हती.

गेडिस यांनी दरबाराकडे एक दिवस महाराज होण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार गावात जाहीर करण्यात आले, की यंदाच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ असेल आणि जेथील घरांची डागडुजी उत्तम असेल, तेथूनच ती जाईल. हजारो गाड्या कचरा बाहेर पडला. घरोघरी रंग लागले आणि उंदरांची बिळे बुजली. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, हिवतापाचे डास होते. त्यांच्यामागून शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार सजवलेल्या गाड्यांसह, फुले बांधलेले झाडू घेऊन सन्मानाने चालले. तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी राक्षसाचे आणि उंदराचे दहन झाले. मालव्यातील मराठी दरबाराच्या त्या शहराला रावणदहनाची भाषा परिचित होती. गेडिस यांनी आरोग्याचा धडा त्याच भाषेत दिला.

या प्रसंगाला मर्यादाही होती. एका दिवसाच्या मानाने सफाई करणाऱ्यांच्या माथ्यावरची जात पुसली गेली नाही. भारतीय परंपरेचे कौतुक करताना गेडिस यांची नजर जातीच्या जाचावर पुरेशी रेंगाळली नाही. तरीही लोकांना धाक न घालता सहभागी करून घेता येते, हे इंदूरने दाखवले. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नदीकाठांपासून विद्यापीठापर्यंत सगळ्याचा त्यात विचार आहे. शंभर वर्षांनी, २०१७ पासून सलग अनेक वर्षे, इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, तेव्हा अनेकांना त्या जुन्या दिवाळीची आठवण झाली.

मुंबईचे प्राध्यापक

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढून गेडिस यांना त्याचे पहिले प्राध्यापक नेमले. पाश्चात्त्य विद्यापीठात शिक्षणासाठी पाठवायच्या तरुणाची निवड करताना त्यांनी मुंबई शहरावर लिहिलेला एक निबंध पसंत केला. तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांचा होता. घुर्ये लंडन आणि केंब्रिज येथे शिकून परतले आणि १९२४ पासून विभागाची धुरा त्यांनी वाहिली. त्यांच्या हाताखाली एम. एन. श्रीनिवास आणि इरावती कर्वे यांच्यासारखे अभ्यासक घडले. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाचा सव्वाशे वर्षांच्या अंतराने घेतलेला मागोवा हे घुर्ये यांचे काम पाहिले, की गुरूंच्या पाहणीचा वारसा शहराकडून पुन्हा खेड्यापर्यंत पोहोचल्याचे दिसते. गेडिस यांचे धाकटे चिरंजीव आर्थर यांनी रवींद्रनाथ ठाकूर यांच्या श्रीनिकेतनात ग्रामपुनर्रचनेच्या कामात भाग घेतला.

गेडिस मुंबईत असतानाच त्यांच्या विचाराची कसोटी पाहणारा संघर्ष मावळात पेटला. मुळशीचे धरण मुंबईला वीज देणार होते आणि त्यासाठी मावळातील गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला बसले. बापट हे काही वर्षांपूर्वी एडिंबरोच्या हेरियट-वॉट महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकलेले होते. कोळशाच्या धुरकट युगानंतर जलविद्युत शहरांना निर्मळ करील, अशी गेडिस यांना आशा होती. १९१५ च्या ग्रंथात त्यांनी नॉर्वेच्या जलविद्युतेकडे कौतुकाने पाहिले होते. मुळशीने त्या आशेची दुसरी बाजू दाखवली. दिवा शहरात लागतो आणि त्याची किंमत खोऱ्याच्या वरच्या टोकाला मोजली जाते. खोऱ्याचा छेद काढणाऱ्याने हा हिशेबही त्याच चित्रात मांडावयास हवा, हे मावळच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी गमावून शिकवले.

अखेर आणि वारसा

प्रकृती ढासळल्यामुळे १९२४ मध्ये गेडिस यांनी मुंबई सोडली आणि फ्रान्समधील माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी स्कॉट्स कॉलेज उभारले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. १९१२ च्या सुमारास नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

यशापयशाचा हिशेब मांडला, तर अपयशाचे पारडे जड दिसेल. त्यांचे बरेच अहवाल कपाटांत राहिले. त्यांचे बोलणे दाढीत अडके आणि लेखन अनेकदा अपुरे राही. श्रोते थकून जात. रॅमसे गार्डनमध्ये आज सधन माणसेच राहू शकतात. अमेरिकेत लुइस ममफर्ड यांनी त्यांचे विचार पुढे नेले आणि जुन्या वस्त्या राखून सुधारण्याचे तत्त्व आज जगभर मान्य झाले आहे. तरीही बुलडोझर हा सोपा उपाय मानणारी शहरे कमी झालेली नाहीत.

परदेशी नोकरीच्या निमित्ताने आपण ज्या शहरांत राहतो, त्यांच्या नद्या आणि डोंगर आपल्याला सुटीच्या दिवशी आठवतात. मागे सोडलेल्या गावात आता केवळ वडीलधारी माणसे उरली आहेत, आणि जवळच्या शहरात भरतीची गर्दी आहे. गावासाठी देणगी आणि शहरात सदनिका, अशा दोन वेगळ्या वह्या आपण ठेवतो. गेडिस यांनी त्या दोन्ही एकाच वहीत लिहिल्या असत्या.

त्यांच्या काळी कॅसलहिलच्या मनोऱ्यात पाहुणे आधी गच्चीवर जात आणि मग मजल्यामजल्याने खाली उतरत. सर्वांत वर आपले शहर, खाली आपला देश, त्याखाली युरोप आणि तळाला जग, अशी दालनांची रचना होती. आता त्या मजल्यांवर दृष्टिभ्रमाचे खेळ मांडलेले आहेत. छतावरचा आरसा मात्र अजून फिरतो. त्यात रॉयल माइलच्या गर्दीमागे फोर्थचे पाणी आणि त्यापलीकडच्या फाइफच्या टेकड्या दिसतात. आकाश निरभ्र असेल, तर शहर आणि त्याचे खोरे आजही त्या गोल टेबलावर एकाच चित्रात येतात.